पहिले नानाजी, दुसरे नानाजी

॥ श्री ॥

मुक्काम कोसमटोली, तालुका मूल, जिल्हा चांदा
कार्तिक वद्य षष्ठी, सन १९५४

राजमान्य राजश्री व्याहीबुवा नानाजीभाऊ यांचे सेवेशी, कोसमटोलीहून भैयाजीचा साष्टांग रामराम. (आमच्याकडे पत्रात साधाच रामराम घालतात. साष्टांग मुद्दाम घातला आहे, तो वाचताना गाळू नये.) पत्र लिहिण्यास कारण की, इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. खुशाल म्हणजे बैल नाहीत, दमणी गाडी नाही, बायको माझ्याशी बोलत नाही, गावात तोंड दाखवायची सोय नाही, बाकी खुशाल. आपली खुशाली कळवत जावी असं लिहिण्याची पद्धत आहे, पण मला नुसती खुशाली नको, तपशील हवा. उजव्या गुडघ्याची सूज उतरली का? पाठीला गोचीड लागले होते ते सगळे निघाले, की एखादा राजुऱ्यापर्यंत सोबत आला? रॉकेलचा बोळा लावला की सुटतात. आपलं उपरणं धुऊन, घडी करून या पत्रासोबत पाठवत आहे. ते अर्धंच आहे याची मला जाणीव आहे. उरलेलं अर्धं बोकडाने खाल्लं, आणि बोकड दुसऱ्याचा असल्यामुळे मला त्याला काही करता येत नाही.

आता गोष्ट लपवून उपयोग नाही, कारण तुम्ही त्या वेळी तिथेच होतात. गेल्या गुरुवारी सकाळी तुम्ही माझ्या कमळाचे होणारे सासरे म्हणून पहिल्यांदा माझ्या दारात आलात, आणि आम्ही तुम्हाला चोर समजून गावच्या कोंडवाड्यात घातलं. दुपार कलेपर्यंत तुम्ही त्या बोकडाबरोबर आणि दोन भाकड म्हशींबरोबर होतात. सुटल्यावर माझ्या ओसरीवर पाय न ठेवता तुम्ही मूलच्या रस्त्याला लागलात, आणि जाताना एवढंच म्हणालात, "सोयरीक मोडली समजा." ही सोयरीक मोडू नये, एवढ्यासाठी हे पत्र. मधे मधे मी दुसरंही काही लिहीन, कारण माझा स्वभावच तसा आहे, पण मुद्दा हा एकच समजावा. आम्ही तुम्हाला चोर का समजलो ते पहिल्यापासून सांगतो. सगळं वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की तुमच्या जागी मी असतो तर मीसुद्धा मला कोंडलंच असतं.

सोयरीक जुळवली लटारूने. लटारू आमच्या शेजारच्या गावचा, पोरापोरींची लग्नं जुळवायची त्याला भारी हौस. त्याने तुम्हाला पाहिलं होतं आणि मला पाहिलं होतं, पण आपण दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. मधे वर्धा नदी. तुम्ही हैद्राबाद राज्यात, आम्ही मध्यप्रदेशात, तेव्हा हा संबंध दोन घरांचाच नव्हे, दोन राज्यांचा होता. ठरलं असं, की दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरते त्या दिवशी तुम्ही यावं, घर पाहावं, मुलगी पाहावी आणि मनाला आलं तर सुपारी फोडून सोयरीक पक्की करावी. ही बातमी मी पोटात ठेवायला हवी होती. पण मूलच्या बाजारी गेलो की मी चहाच्या दुकानात बसतो, आणि चहाच्या दुकानात बसलो की बोलतो. तुमचं नाव, तुमचं गाव, तुमचा कापूस, तुमचे चिरंजीव सातवी पास, कोणत्या दिवशी येणार, माझी शंकरपटाच्या शर्यतीची बैलजोडी, सगळं मी त्या दिवशी खुल्या आवाजात सांगितलं. ऐकणारे कोण होते ते मला माहीत नाही, कारण बोलताना माझे डोळे मिटतात. (सुगंधाबाई, म्हणजे आमच्या घरच्या, म्हणतात की त्यामुळेच उठून गेलेली माणसं मला दिसत नाहीत.) पण त्या दिवशी एक माणूस उठून गेला नव्हता.

तुमच्या नदीपलीकडे मंडई भरत नाही म्हणून थोडं सांगायला हवं. मंडई म्हणजे भाऊबीज झाली की एकेका गावाने एकेका दिवशी भरवायची जत्रा. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच, आणि घराघरात पाहुणे. त्या दिवशी कोणाच्या घरी किती ताटं पडली यावर त्या घराची वर्षभराची अब्रू अवलंबून असते. दारात आलेल्या माणसाला "तुम्ही कोण?" असं विचारणं म्हणजे त्याला उंबऱ्यावरून हाकलण्यासारखंच. आधी पाय धुवायला पाणी, मग गूळ, मग जेवण, आणि मग त्याच्याच बोलण्यातून हळूहळू कळतं की हा कोणाचा कोण. कधी कधी जाईपर्यंत कळत नाही. तीन वर्षांमागे एक म्हातारबाबा आमच्याकडे दोन दिवस राहिले. सुगंधाबाईंना वाटलं ते माझे मामा, मला वाटलं तिचे. ते शेजाऱ्याचे सासरे होते आणि शेजारी बिचारा त्यांना गावभर शोधत होता.

तर मंडईच्या दिवशी दहाच्या सुमाराला आमच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. काळा कोट, पांढरं धोतर, पिळलेली मिशी, हातात छत्री. त्यांनी नाव सांगितलं नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या माणसाने तीन दिवसांत एकही खोटं आपणहून सांगितलं नाही, सगळं खोटं आम्हीच त्याला सांगितलं. सुगंधाबाईंनी पाण्याचा लोटा ठेवत विचारलं, "राजुऱ्याकडून आले का जी?" तो म्हणाला, "तिकडूनच म्हणा." मी धावत आलो आणि म्हणालो, "म्हणजे नानाजीभाऊच का?" तो म्हणाला, "आता तुमी म्हणता त तसंच." एवढ्यावर मी त्याच्या पायाला हात लावला! (तुमच्या पायाला आजवर लावलेला नाही, हे माझ्या ध्यानात आहे. त्या दृष्टीनेच वरचा साष्टांग.) सुगंधाबाईंना कुठून तरी आठवलं की तुमची बहीण वरोऱ्याकडे दिली आहे. त्याने मान हलवली. मग तिची तब्येत विचारली, त्याने लांब सुस्कारा टाकला. सुगंधाबाई म्हणाल्या, "दमा का?" तो म्हणाला, "दमाच." झालं, तेव्हापासून आमच्या घरात तुमच्या बहिणीच्या दम्याशिवाय दुसरा विषय नाही. शेजारणी येऊन उपाय सांगून गेल्या. एकीने वाटीभर मध आणून दिला.

संध्याकाळी पानात वांगं वाढलं तर त्याने हात आडवा धरला. मार्कंड्याला देवापुढे सोडलंय, म्हणाला. (हे एक त्याने आपणहून सांगितलं, ते मी वर विसरलो. पण वांगं खाणं न खाणं यात खोटं ते काय असणार, असं मला वाटलं.) सगळ्या गावाला तो आवडला. बोलायचा कमी, ऐकायचा फार. मी माझ्या जोडीच्या सगळ्या शर्यती त्याला सांगितल्या, पहिल्यापासून, आणि डोळे उघडले तेव्हा तो समोरच बसलेला होता. असं माझ्या आयुष्यात पूर्वी घडलेलं नाही. शाळेच्या मास्तरांचं बंद पडलेलं खिशातलं घड्याळ त्याने दुरुस्त करून पाठवायला म्हणून घेतलं, तेही मास्तरांनीच आग्रह केला म्हणून. लोक म्हणायला लागले, भैयाजीच्या पोरीचं नशीब, असा सासरा मिळाला.

माझे बैल तुम्ही पाहिले नाहीत. लाखन पांढरा, जांभळ्या नावासारखा काळसर. पाच गावांच्या पटात ही जोडी पुढे राहिली आहे, आणि मूलपासून चांद्यापर्यंत कोणीही नुसत्या शिंगांवरून ओळखेल. पाहुणा तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जायचा, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि उसासा टाकायचा. जायच्या दिवशी म्हणाला की गुडघे दुखतात, मूलपर्यंत चालत जायचं म्हणजे जरा कठीण. मी म्हणालो, चालत कशाला, माझी दमणी आहे, जोडी आहे, थेट घरापर्यंत न्या, आठ दिवसांनी गड्याबरोबर परत पाठवा. तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हणालो. तो पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मला राग आला. व्याह्याने व्याह्याचं मन मोडायचं म्हणजे काय? मी कासरे त्याच्या हातात कोंबले. सुगंधाबाईंनी त्याला कुंकू लावलं, नारळ दिला, बहिणीसाठी बेहड्याची साल आणि मध दिला. दंडारीवाल्यांनी ढोल वाजवला. गावच्या शिवेपर्यंत चाळीस माणसं पोचवायला गेली, आणि दमणी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात जोडून उभा होतो.

नंतर तीन दिवसांनी गुरुवार उजाडला, आणि तुम्ही आलात. (तुम्ही मंडईला येणार होतात आणि कापसाच्या वेचणीपायी सहा दिवस उशिरा आलात, त्यात तुमचा दोष नाही. पण थोडा आहे.) दारात उभे राहून पाय धुवायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "मी नानाजी, राजुऱ्याकडला." नानाजीभाऊ, आमच्याकडे पाहुणा असं कधी बोलत नाही. आणि नानाजी तर नुकतेच चाळीस माणसांच्या साक्षीने गेलेले. मी सुगंधाबाईंकडे पाहिलं, सुगंधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि पाव तासात सगळं गाव अंगणात जमलं. पहिल्या खेपेला आम्ही काही विचारलं नव्हतं, त्याची भरपाई म्हणून या खेपेला सगळं विचारलं. तुमच्या बहिणीचा दमा कसा आहे, हा पहिला प्रश्न. तुम्ही म्हणालात, "मले बहीणच नाई." अंगणात हळहळ उठली. दम्याने आजारी बहिणीला जो माणूस भर चौकात नाकारतो, तो काय करणार नाही? सुगंधाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा प्रश्न, वांगं खाता का. तुम्ही म्हणालात, आवडते. लोक एकमेकांना कोपरं मारायला लागले.

तुम्ही तेव्हा चिडून म्हणालात, "मी नानाजी, अन् मले बहीण आहे का नाई ते मले माहीत नाई?" मागून कोणीतरी म्हणालं, "पहिल्या नानाजीले त माहीत होती." हे बोलणं मला त्या वेळी बिनतोड वाटलं. त्यात तुम्ही पिशवीतून कमळासाठी आणलेलं लुगडं आणि खण बाहेर काढले. पहिले नानाजी आमच्याकडून घेऊन गेले होते, आणि त्यामुळे ते खरे व्याही वाटत होते. मुलाचा बाप असून हा मनुष्य उलट देतो आहे, म्हणजे यात काहीतरी भानगड आहे, असं आम्हा सगळ्यांचं मत पडलं. आता विचार केला की मला स्वतःची लाज वाटते. पण त्या दिवशी लाज वाटली नाही, हुशारी वाटली.

कोंडवाडा ही सूचना माझी नव्हती. (सूचना माझीच होती, पण दुसऱ्या कोणीही केली असती.) गावात कुलूप लागणारी जागा तेवढी एकच. कोंडवाड्याचा राखणदार पोचू, जंगलाकडच्या टोल्यावरचा गोंड, पन्नाशीचा, बोलणं मोजकं. तो म्हणाला, माणूस ठेवायचा नियम नाही, पण ठेवलाच तर जनावराचाच नियम चालेल, म्हणजे ओळखणाऱ्याने समक्ष येऊन "हा आमचा" असं म्हटल्याशिवाय दार उघडणार नाही. तुम्ही आतून ओरडून सांगितलंत की लटारूला बोलवा. तुमच्या साऱ्या बोलण्यात तेवढंच आम्हाला पटलं. माणूस धाडला, तर लटारू दुसऱ्या एका लग्नाच्या बोलणीला आणखी पुढच्या गावी गेलेला. म्हणून दुपार कलली. पोचूने तुम्हाला गवताची पेंढी बसायला दिली होती. ती बोकडाने खाल्ली, आणि मग तो उपरण्याकडे वळला, असं पोचू म्हणतो.

आता एक गोष्ट लिहितो जी मला त्या दिवशी माहीत नव्हती. दुपारी आम्ही सगळे चावडीत बसून स्वतःचं कौतुक करत असताना कमळा पाण्याचा लोटा आणि भाकर घेऊन कोंडवाड्याच्या भिंतीशी गेली. चोर झाला म्हणून तहान लागत नाही का, असं आईला सांगून गेली. तुम्ही पाणी प्यालात. ती परत आली आणि आईला म्हणाली, "हे चोर नसन. पहिल्या पाहुण्यानं तीन दिवसांत मले एक शब्द इचारला नाई. यायनं आतमधून इचारलं, बाई, तू जेवली का." सुगंधाबाईंनी हे मला सांगितलं नाही, कारण सांगायला आल्या तेव्हा मी डोळे मिटून बोलत होतो. नानाजीभाऊ, स्वतः कोंडलेले असताना तुम्ही माझ्या मुलीला जेवलीस का विचारलंत. असा सासरा माझ्या तोंडच्या बडबडीने तिच्या हातून गेला, तर मी म्हातारपणी कोणत्या तोंडाने तिच्यासमोर बसू?

लटारू आला. त्याने भिंतीवरून आत डोकावलं आणि कपाळाला हात लावून खाली बसला. "अरे भैयाजी, हे नानाजी इवाई व्हय ना!" म्हणाला. त्या एका क्षणात मला दोन गोष्टी कळल्या. कोंडवाड्यात कोण आहे ही एक, आणि माझे बैल कोणाकडे आहेत ही दुसरी. पहिलीने मी हादरायला हवं होतं, पण खरं लिहितो, तोंडातून शब्द निघाला तो "लाखन!" तुम्हाला त्याचा राग आला असेल. मी पोचूकडे वळून ओरडलो की पहिला माणूस लबाड आहे असं तुला एकदाही वाटलं नाही का? पोचू कुलूप काढता काढता म्हणाला, "वाटलं ना. इवाई पाहुणा पोरगी पाहाले येते. हा तीन दिवस बैलच पाहून राह्यला." मी म्हणालो, मग सांगितलं काऊन नाही? तो म्हणाला, "तुमी इचारलं नाई. बोलूनच राह्यले होते."

तर नानाजीभाऊ, आमच्या हातून घडलं ते असं. धान कापणीला आलं आहे आणि ओढायला बैल नाहीत, पण मी तो विषय काढत नाही. शेजारी बैल देतील, टोमण्यांसकट देतील. बैल गेले ते गेले, माझी हौस गेली. पण सोयरीक राहू द्या. चूक माझी आहे, कमळाची नाही, आणि सुगंधाबाईंचीही थोडीच आहे. कमळा चौथी पास आहे, धानाच्या रोवणीला चार बायांना मागे टाकते, आणि तिचा स्वभाव माझ्यावर गेलेला नाही, याची आता सगळं गाव ग्वाही देईल. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि ज्या बहिणी तुम्हाला नाहीत त्यांना काही नाही. लोभ पूर्वी नव्हताच, तेव्हा असावा.

आपला अपराधी,
भैयाजी

ताजा कलम. आम्ही ठाण्यात रिपोर्ट दिली आहे. हवालदाराने चोराचं नाव विचारलं. आम्हाला त्याचं दुसरं नाव माहीत नसल्यामुळे "नानाजी, राहणार राजुऱ्याकडे, शेती कापसाची, मुलगा सातवी पास" असं लिहिलं गेलं आहे. वर्णन मात्र त्याचंच दिलं. तुम्हाला मिशी नाही हे बरं आहे, सध्या ठेवू नये.

आणखी ताजा कलम, दोन दिवसांनी. हे पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, तोच आज पोस्टमन तुमच्या घरचं पत्र घेऊन आला. तुमच्या मंडळींनी, रुखमाबाईंनी, तुम्ही अजून आमच्याकडेच आहात असं समजून कोणाकडून तरी लिहवून घेतलं आहे. नानाजीभाऊ, मी तुमच्या घरी येऊन गेलो! म्हणजे तोच, काळ्या कोटाचा. माझी दमणी, माझी जोडी घेऊन "भैयाजी, कोसमटोली" म्हणून तुमच्याकडे दोन दिवस राहिला. रुखमाबाई लिहितात की भैयाजी फार शांत, मितभाषी, समोरच्याचं ऐकून घेणारे आहेत. (हे वाचून सुगंधाबाई आठवड्याने पहिल्यांदा हसल्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत.) तुम्ही सोबत परत का आला नाहीत, असं रुखमाबाईंनी विचारल्यावर त्याने सांगितलं की आमच्या गावचे लोक तुम्हाला सोडायलाच तयार नाहीत. तेवढं त्याच्या तोंडून खरं निघालं. आता मी विचारू नये, पण विचारतो. मूलला येताना चांद्याच्या स्टेशनासमोर चहा पिताना तुम्हाला एखादा काळ्या कोटाचा, कमी बोलणारा गृहस्थ भेटला होता का? कारण तुमच्या तट्टाचं नावसुद्धा त्याला माहीत होतं, आणि ते मला माहीत नाही. तुम्हीही डोळे मिटून बोलता का?

पण आनंदाची गोष्ट पुढेच आहे. त्याने तुमच्या पंचांना बसवून, नानाजींशी माझं सगळं ठरलंय म्हणून, माझ्या नावाने सुपारी फोडली! सोयरीक पक्की! माझी जोडी आणि दमणी त्याने जावयाला भेट म्हणून तुमच्या गोठ्यात बांधली (ती जोडी विकायला कोणत्याही बाजारात उभी केली असती तर दहा जणांनी ओळखली असती, हे त्यालाही कळलं असणार), आणि परतीला तुमचं तट्टू घेऊन गेला. म्हणजे माझे बैल सुखरूप आहेत, तुमचं तट्टू गेलं, तुम्हाला माझ्या नावाने फसवलं, मला तुमच्या नावाने फसवलं, आणि पंचांसमोर फुटलेली सुपारी काही परत जोडता येत नाही. वरची सारी गयावया मी विनाकारण केली. ती वाचली असल्यास विसरावी. साष्टांग मात्र राहू द्यावा.

शेवटचा ताजा कलम. वरचा मजकूर मी मोठ्याने वाचत असताना कमळा चुलीपाशी होती. ती उठून आली आणि म्हणाली, "चोरानं फोडलेली सुपारी मले नाई पायजे, बाबा. ज्यायनं मले जेवली का इचारलं, त्यायच्या हातची पायजे. नाई देली त राह्यलं." एवढं बोलून पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. मी तिला समजावायला तोंड उघडलं, आणि नानाजीभाऊ, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही. तिचं बरोबर आहे. त्या सुपारीवर मी लग्न लावलं, तर त्या काळ्या कोटात आणि माझ्यात फरक तो काय?

म्हणून येत्या सोमवारी मी स्वतः येतो आहे. बैल न्यायला नाही. तुमच्या गावात भैयाजी एकदा येऊन गेले आहेत, शांत, मिशीवाले, सगळ्यांना आवडलेले. मी टकला आहे, मिशी नाही, आणि तोंड बंद राहणार नाही. दारात उभा राहून "मी भैयाजी" म्हणालो की तुमचे लोक माझं काय करतील ते मला चांगलं माहीत आहे. त्यांना अडवू नका. तुमच्या गावात मला खरं ओळखणारे एकटे तुम्ही. तुम्हाला बोलावणं येईल, तेव्हा या, भिंतीवरून मला नीट पाहा, आणि मग मनात येईल ते सांगा. "हा आमचा" म्हणालात तर कमळा तुमची लेक. "ओळखत नाही" म्हणालात तर ते खोटं आहे असं मी कोणाला सांगणार नाही. उत्तर द्यायची घाई करू नका. मी बसून राहीन.